रोजच्या पाऊण तासात काय बसवावं? नामजप, आनापान आणि प्राणायाम

वारजेकर

नमस्कार मंडळी. सकाळी साडेपाच ते सव्वासहा एवढाच वेळ मला रोज हमखास मिळतो. पुढे डबे, मुलाची शाळा आणि साडेसातची हिंजवडीची बस. परतायला रात्रीचे साडेआठ होतात, त्यामुळे संध्याकाळचं काही धरून चालता येत नाही.

सध्याचा क्रम असा आहे: सलग सहा-सात मिनिटं कपालभाती, मग अनुलोम-विलोम, त्यानंतर 'श्रीराम जय राम जय जय राम'च्या दोन माळा आणि उरलेला वेळ आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास नुसता बघत बसणं. आनापानाला बसलं की पाच मिनिटांत डुलकी लागते. मांडी घालून बसल्यावर डावा पाय बधिर होतो. माळ हात ओढत असतो आणि डोक्यात कालचे मेल चालू असतात. अनुलोम-विलोमनंतर कधीकधी गरगरतं. आणि एक दिवस चुकला की पुढचे चार-पाच दिवस गेलेच.

हे सगळं एकत्र करावं की काही सोडावं? क्रम बदलावा का? विपश्यनेच्या (शरीरातल्या संवेदना बघण्याच्या ध्यानाच्या) दहा दिवसांच्या शिबिराचाही विचार आहे, पण तिथे जप बंद ठेवावा लागतो असं ऐकलंय. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

तळजाईची वाट

वारजेकर ताई, या पाऊण तासात चार साधना एकत्र आल्यात आणि त्यातली एकही मुरत नाहीये. मुख्य साधना एकच ठरवा, बाकीच्या तिच्या मदतीला. मंत्र आधीपासून हातात आहे, तर माझं मत जपाच्या बाजूने. बसमध्ये, रांगेत, पोळ्या लाटताना चालू राहू शकेल असं या चारांत तेवढंच आहे.

आधी वेग तपासा. या मंत्राची तेरा अक्षरं स्पष्ट म्हणायला सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणजे १०८ मण्यांना साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ लागायला हवा. घड्याळ समोर ठेवून एक माळ करून बघा. साडेतीन मिनिटांत संपली तर अक्षरं गिळली जातायत. बहुतेकदा 'जय जय'चा एकच 'जय' होतो आणि शेवटचा 'म' पुढच्या 'श्री'त बुडतो. मेल डोक्यात येतात ते यामुळेच. जिभेला वळण पडलं की तिला मनाची गरज उरत नाही, मग ते सुटतं.

उपाय साधा आहे. पहिली माळ तोंडाने, स्वतःच्या कानावर प्रत्येक अक्षर पडेल एवढ्या आवाजात करा. घरचे झोपलेले असले तरी एवढ्या आवाजाने कुणी उठत नाही. लक्ष अर्थावर किंवा मूर्तीवर नंतर, आधी ऐकण्यावर. दुसरी माळ उपांशु: ओठ हलतात, पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. मानस जप सगळ्यात शेवटी. तो श्रेष्ठ म्हणून पुष्कळ जण थेट त्यालाच बसतात आणि दोन मिनिटांत मंत्र थांबून नुसती माळ फिरत राहते. मन गेल्याचं लक्षात आलं की मणी मागे घेऊ नका, पुढच्या मण्यावर जरा आवाज चढवा. परंपरेत १०८ मण्यांची माळ हिशेबात १०० च धरतात, वरचे ८ चुकलेल्यांसाठी सोडलेले असतात. तेव्हा कोणता मणी वाया गेला याची चौकशीच नको.

माळ उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ठेवून अंगठ्याने मणी आपल्याकडे ओढायचा. तर्जनी लांब. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा वेगळा मणी) ओलांडायचा नाही, तिथून माळ फिरवून उलट यायचं. हात छातीच्या उंचीवर असू द्या. तो मांडीवर पडला की खांदे पुढे येतात, पाठीला पोक येतं आणि झोप तिथूनच सुरू होते. माळेचं खालचं टोक डाव्या तळव्यात घ्या म्हणजे जमिनीला लागत नाही. गोमुखी (माळ आत ठेवून जप करायची कापडी पिशवी) वापरलीत तर हे आपोआप होतं.

बसमध्ये माळ काढायची नसेल तर करमाला, म्हणजे बोटांच्या पेरांवर अंगठ्याने मोजणं, शिकून घ्या. उजव्या हाताच्या अनामिकेच्या मधल्या पेरावर १. त्याच बोटाच्या खालच्या पेरावर २. करंगळीवर खालून वर ३, ४, ५. मग अनामिकेचं टोक ६, मधल्या बोटाचं टोक ७, तर्जनीवर वरून खाली ८, ९, १०. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं म्हणजे मेरू, त्यांना अंगठा लावायचा नाही. उजव्या हातावर दहा झाले की डाव्या हातावर एक मोजायचा. डाव्या हातावर दहा झाले की शंभर. राहिलेले ८ अनामिकेच्या खालच्या पेरापासून तर्जनीच्या मधल्या पेरापर्यंत. आठवडाभरात हाताला सवय होते आणि वारजे ते हिंजवडी एवढ्या वेळात पाच-सहा माळा आरामात होतात.

आता नेमात खंड पडतो त्याबद्दल, कारण माझ्या मते तुमची खरी अडचण हीच आहे. रोजचं एक किमान ठरवा आणि ते हास्यास्पद वाटेल इतकं लहान असू द्या: ११ वेळा मंत्र, आंघोळीनंतर देवासमोर उभ्या उभ्या. ताप असो, पाहुणे असोत, रिलीजची रात्र असो, एवढं होतंच. ज्या दिवशी फक्त ११ झाले तो दिवस झालेला धरायचा. आणि राहिलेल्या माळा दुसऱ्या दिवशी भरून काढायच्या नाहीत. दोनाच्या चार, चाराच्या सहा असं देणं साचत जातं आणि मग आसनाकडे बघायलाच नको वाटतं. तुमचे चार-पाच दिवस तिथे जातात. मोठ्या संख्येचा संकल्प याच कारणासाठी आत्ता करू नका. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्यात: दीर्घकाळ, अखंड आणि आदराने. किती वेळ बसायचं हे तिथे सांगितलेलंच नाही.

मरकळ रोड

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, करमालेचं तर जपून ठेवण्यासारखं. पण आनापान 'जपाच्या मदतीला' हे मला पटत नाही. ताई आनापान ज्या पद्धतीचं करतायत त्यावर हे अवलंबून आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतलं असेल तर त्यात श्वास जसा येतो तसाच बघायचा असतो. लक्ष नाकपुड्यांच्या तोंडाशी आणि वरच्या ओठाच्या वरच्या भागावर. लांब असेल तर लांब, तोकडा असेल तर तोकडा. मोजायचा नाही, त्याला नाम जोडायचं नाही, आकृती कल्पायची नाही. कारण उघड आहे. नाम जोडलं की मन नामावर टिकतं आणि श्वासाची संवेदना मागे पडते. त्या वाटेवर तर पुढे सगळं संवेदनेवरच उभं आहे.

ताई, तुम्ही अनुलोम-विलोम आणि दोन माळा करून लगेच आनापानाला बसता. श्वास तेव्हा मुद्दाम लांबवलेला असतो आणि कानात मंत्र घुमत असतो. म्हणजे बघायचा तो स्वाभाविक श्वास तिथे नसतोच. दोन्ही मार्ग थोर आहेत, पण एका बैठकीत नकोत. जप मुख्य ठरवलात तर आनापान सरळ सोडून द्या आणि तो वेळ जपाला द्या. आनापान मुख्य असेल तर उठल्यावर पहिलं तेच करा, प्राणायाम नंतर.

डुलकीबद्दल. श्वास सूक्ष्म झाला की मनाला धरायला काही उरत नाही आणि ते झोपेत घसरतं. अशा वेळी काही श्वास जाणूनबुजून जरा जोरात घ्यायचे, संवेदना ठळक झाली की पुन्हा स्वाभाविक श्वासावर यायचं. तरीही डोळे मिटत असतील तर ते अर्धे उघडे ठेवून समोर दोन हातांवर जमिनीकडे बघा, नाहीतर उठून गार पाण्याने डोळे धुऊन या. मात्र आधी एक गणित करा: रात्री साडेअकराला पाठ टेकत असेल आणि पाचला उठत असाल तर ही साडेपाच तासांची झोप आहे. यावर कुठलीही साधना उपाय नाही. रात्रीचा अर्धा तास मोबाइलकडून परत घ्या, डुलकीचा प्रश्न बराचसा तिथेच सुटेल.

शिबिराबद्दल ऐकलंय ते बरोबर आहे. त्या दिवसांत जप, माळ, पूजा, उपवास, इतर साधना बाजूला ठेवायच्या असतात. त्या चुकीच्या आहेत म्हणून नव्हे, एका पद्धतीची नीट पारख व्हावी म्हणून. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दिवशी हजर व्हायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघायचं, तेव्हा रजा बारा दिवसांची टाका. पहाटे ४ ला घंटा, रात्री साडेनऊला दिवे बंद, मध्ये दहा तासांहून जास्त बैठक. पहिले तीन दिवस फक्त आनापान, विपश्यना चौथ्या दिवशी देतात, दहाव्या दिवशी मैत्री (सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान) शिकवतात आणि मौन सुटतं. मोबाइल जमा करावा लागतो. शुल्क नाही. शिबिर पूर्ण केल्यानंतर ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं, आधी घेत नाहीत. इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे, पण पुणेकरांना तिथवर जायलाच हवं असं नाही. स्वारगेटजवळ दादावाडीत धम्मपुण्ण आहे आणि आळंदीच्या पुढे मरकळला धम्मानंद.

जाण्याआधी एका गोष्टीचा विचार मात्र करा. शिबिरानंतर रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगतात. तुमची संध्याकाळ हातात नाही. ती कशी मोकळी होईल याचं घरात बोलणं झाल्याशिवाय गेलात तर परतल्यावर महिन्याभरात सगळं बारगळेल. चांगलं शिबिर होऊन पुढचं सुटलेले साधक असतात, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच झालेलं असतं.

आणि अर्जात मानसिक आजार, चालू औषधं, झोपेच्या गोळ्या यांबद्दल विचारतात. तिथे काही लपवू नका. नैराश्य किंवा पॅनिकचा त्रास चालू असताना दहा दिवसांचं मौन पेलवेलच असं नाही. आणि डॉक्टरांना न विचारता औषध तर कुणीच, कधीच थांबवू नये.

सतरंजी

पाय आणि गरगरणं एवढ्यापुरतं बोलतो. दोन्ही दुरुस्त होण्यासारखं आहे.

जमिनीवर सपाट बसलं की आपल्यापैकी बहुतेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात. मग कटी मागे झुकते, पाठ गोल होते आणि पायाच्या वजनाने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबते. डावाच पाय बधिर होतो म्हणजे तुम्ही बहुधा तो नेहमी खाली ठेवता. सोलापुरी चादरीची चार बोटं उंचीची घट्ट घडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, नुसती बैठकच घडीवर, मांड्या नाहीत. गुडघे कमरेच्या खाली आले पाहिजेत. तरी अधांतरी राहिले तर त्यांच्याखाली टॉवेलच्या घड्या द्या, म्हणजे मांडीचे स्नायू ताणून धरावे लागत नाहीत. एका पायावर दुसरा चढवू नका, दोन्ही नडग्या एकापुढे एक जमिनीवर ठेवा आणि पुढचा पाय रोज बदला. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी घोंगड्या, लोड, विटा वापरून आसनं शिकवली ती याचसाठी. मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था १९७५ पासून तेच करते आहे. आधार घेण्यात कमीपणा काही नाही.

मुंग्या आल्या तर पाय हलवायला हरकत नाही. गुडघ्यात आत टोचल्यासारखं दुखलं तर लगेच सोडा आणि खुर्ची घ्या. खुर्चीवर पावलं पूर्ण टेकलेली असावीत, पाठ टेकलेली नसावी. बधिर पायावर पटकन उभं राहू नका. जाणीव परत येईपर्यंत थांबा, घोटे मुरगळतात ते तेव्हाच.

आता गरगरणं. सहा-सात मिनिटं सलग कपालभाती हे या वेळेला फार आहे. त्यावर जोर लावून अनुलोम-विलोम केलं की शरीराच्या गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर होते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. काही जण याला ध्यानाचा अनुभव समजून आणखी जोर लावतात, ते मुळीच करू नये.

कपालभातीचे ३० ठोके, सेकंदाला एक या गतीने. मग श्वास शांत होईपर्यंत थांबायचं. असे तीन फेरे पुरेत. ठोका बेंबीखालून यावा, श्वास फक्त बाहेर टाकायचा, आत आपोआप येतो. आरशासमोर बसून बघा: खांदे उडत असतील, चेहरा आक्रसत असेल किंवा श्वास ओढल्याचा आवाज येत असेल तर गती निम्मी करा. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, गर्भारपण किंवा पाळी असेल तर कपालभाती वगळाच.

मग मिनिटभर काहीही न करता बसा आणि अनुलोम-विलोम घ्या. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट दुमडा, अंगठा उजव्या नाकपुडीसाठी, अनामिका डावीसाठी. नाकाचं हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे हलका दाब पुरतो. डावीने ४ मात्रा आत, उजवीने ६ मात्रा बाहेर, उजवीने ४ आत, डावीने ६ बाहेर. मात्रा सेकंदाची धरली तर मिनिटाला सहा श्वास होतात, पाच मिनिटांत तीस. कुंभक, म्हणजे श्वास रोखून धरणं, नको. १:२ चं प्रमाण, म्हणजे आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर, एवढ्यात नको. श्वासाचा आवाज स्वतःलाही येता कामा नये, कसोटी तीच. दहाव्या श्वासाला धाप लागल्यासारखं वाटलं तर ३ आणि ४ वर या. उजवा कोपर हवेत धरला की खांदा अवघडतो आणि मान वळते, म्हणून दंड छातीला टेकवून ठेवा.

एवढ्याला बारा मिनिटं लागतात. उरलेली तेहतीस मुख्य साधनेला.

वारजेकर

मनापासून आभार. जप मुख्य ठेवते, आनापान सध्या थांबवते. शिबिराचं मुलाच्या परीक्षेनंतर घरात बोलून ठरवेन. आणखी दोन शंका. सकाळी डावी नाकपुडी बऱ्याचदा बंद असते, तेव्हा अनुलोम-विलोम कसं करायचं? आणि साधना लागू पडतेय हे ओळखायचं कशावरून? बसल्यावर प्रकाश, नाद असं मला काहीच होत नाही.

नदीपात्र

दुसऱ्या शंकेचं सांगते. प्रकाश-नाद होत नाही म्हणून खंत करू नका, झाला तरी त्याच्या मागे लागू नका. बघायचं ते बसण्याबाहेर. चांदणी चौकात कुणी गाडी आडवी घातली आणि राग आला, तो किती वेळ राहिला? पूर्वी ऑफिसच्या दारापर्यंत पुरत असेल आणि आता बावधनलाच उतरत असेल तर साधना चालू आहे. राग येणारच नाही अशी अपेक्षा पहिल्या काही वर्षांत ठेवू नये.

पतंजलींच्या पहिल्या पादातलं ३३ वं सूत्र यासाठी फार कामाचं आहे. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, पुण्यवंताबद्दल मुदिता (मनापासून आनंद) आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा. यांनी चित्त प्रसन्न राहतं असं ते सांगतात. परतीच्या बसमध्ये पाच मिनिटं काढा. त्या दिवशी भेटलेली चार खरी माणसं घ्या, प्रत्येक वृत्तीला एक. कुणाचं घर झालं, त्याच्याबद्दल मनातून बरं वाटतंय का? सहकाऱ्याची आई आजारी आहे, तर उद्या तिला नेमकं काय विचारायचं? चांगलं काम केलेल्या माणसाचं नाव मीटिंगमध्ये घेतलं का? आणि ज्याने विनाकारण टोचून बोललं त्याचं वाक्य मनात पुन्हा पुन्हा घोळवायचं थांबवता येतंय का? उपेक्षा म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. जिथे बोलायला हवं तिथे बोलावंच, पण रात्री उशीवर त्याच्याशी भांडू नये. चारांत मुदिता सगळ्यात अवघड जाते, विशेषतः बढत्यांच्या मोसमात. तिलाच जास्त दिवस द्या.

हे लिहून ठेवायचं असेल तर दिवसाला चारच ओळी. पानभर लिहायला लागलं की तक्रारवही होते.

रविवारी वेळ असेल तर घरातली बैठक नेहमीएवढीच ठेवा, ती वाढवू नका. त्याऐवजी पर्वती चढा, १०३ पायऱ्या, पायरीला एक नाम, न बोलता. दम लागून नाम तुटलं की पाय थांबवायचा आणि नाम पुन्हा लागलं की पुढची पायरी. शरीर आणि जप एका लयीत येण्यासाठी याच्याइतकं सोपं साधन शहरात दुसरं नाही.

एक काळजी सगळ्यांनीच घ्यावी. डोळे मिटून बसल्यावर छाती धडधडणं, जुन्या भयंकर आठवणी उसळणं, झोप उडणं असं होऊ लागलं तर वेळ वाढवून त्यावर मात करायला जाऊ नका. डोळे उघडे ठेवा, मोठ्याने म्हणा, चालत म्हणा. तरी थांबलं नाही तर बैठक बंद ठेवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

सतरंजी

नाकपुडीचं: काही तासांनी एक बाजू मोकळी आणि दुसरी थोडी जड होणं हे निरोगी नाकातही चालूच असतं. अर्धवट बंद असेल तर त्या बाजूने जोर न लावता जेवढं येतं तेवढंच घ्या. पूर्ण बंद असेल तर त्या दिवशी नाक न दाबता दोन्हींनी ४ आणि ६ करा, किंवा पाच मिनिटं भ्रामरी. ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास सोडताना हलका गुंजारव.

रोजच बंद असेल तर जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. उकळून कोमट केलेलं अर्धा लिटर पाणी, त्यात सपाट छोटा चमचा भरून, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नये, कितीही स्वच्छ दिसलं तरी. मीठ कमी पडलं तर नाकात झोंबतं, जास्त पडलं तर जळजळतं. तोंडाने श्वास घेत, मान एका बाजूला कलवून वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं. घशात उतरलं तर मान मागे गेलीय, थोडी पुढे घ्या. निम्मं पाणी एका बाजूने, निम्मं दुसऱ्या.

खरी चूक यानंतर होते. नाक न सुकवता लोक उठतात आणि दुपारी कपाळ दुखतं. कमरेतून पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून, डोकं खाली, डावीकडे, उजवीकडे असं करत प्रत्येक ठिकाणी दहा-दहा हलके फुत्कार टाका. एक नाकपुडी दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे जातं. नेती आठवड्यातून दोनदा पुरते. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालेलं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पहिली वेळ कुणाच्या तरी समोर करा. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये काढलेल्या कैवल्यधाममध्ये शुद्धिक्रिया शिकवतात, लोकलने जाऊन येण्यासारखं आहे.

तळजाईची वाट

एक राहिलं. दोन मण्यांमध्ये गाठ असलेलीच माळ घ्या. बिनगाठीच्या माळेत मणी घसरतात, बोटाला नेमका मणी सापडत नाही आणि दोन एकदम ओढले जातात. घामाने सुती दोरा वर्ष-दीड वर्षात विरतो. तुळस असो की रुद्राक्ष, मणी तेच ठेवून पटवेकऱ्याकडून नव्याने ओवून घ्या. देताना १०८ अधिक मेरू असे मोजून द्या आणि घेतानाही मोजून घ्या.